संग्रहालयाचा इंटरनेट रेडिओ बडोद्यातून चालवायचा तर काय काय लागेल?

रावपुरेकर:
बार्सिलोनाच्या समकालीन कलेच्या संग्रहालयाचा, माक्बाचा, स्वतःचा रेडिओ आहे. 'रादिओ वेब माक्बा', २००६ पासून. नावाला रेडिओ, पण एफएमवर कुठेच नाही, सगळा कारभार इंटरनेटवर. कलाकारांच्या मुलाखती, ध्वनिकलेच्या इतिहासावरच्या मालिका, संग्रहात ज्यांची कामं आहेत त्यांचे आवाज, आणि कित्येक भागांसोबत वाचायला मजकूर. त्याच्याही आधी, २००४ मध्ये, न्यूयॉर्कच्या पीएस१ या कलासंस्थेनं असा रेडिओ काढला होता. म्हणजे कल्पना काही नवी नाही.

बडोद्यात असं काही उभं करता येईल का? धरून चला की एक छोटी कलासंस्था आहे, दोन खोल्या, अर्धवेळ एक माणूस आणि हौशी मंडळी. ऐकवण्यासारखं भरपूर आहे: १८८६ ची गायनशाळा, १९५० पासूनचं विद्यापीठाचं फाइन आर्ट्स, लोकांच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या व्याख्यानांच्या कॅसेटी. जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. चोवीस तास वाजत ठेवायचं की एकेक भाग करून ठेवत जायचं? यंत्रं आणि सर्व्हर कमीत कमी किती? आणि हक्कांचं झेंगट कसं सोडवायचं?

"यूट्यूबवर टाका की" हा सल्ला सोडून काहीही चालेल.

विश्वामित्रीची_मगर:
यूट्यूबवर टाका की.

सेवउसळ_जादा_तर्री:
मगरताई पाण्याबाहेर आल्या. धागा शंभरी गाठतो बघा.

खरखर:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर माक्बाकडेच आहे. ते काही चोवीस तास वाजत बसत नाहीत. भाग करतात, कायमचे ठेवतात, ज्याला जेव्हा हवं तेव्हा त्यानं ऐकावं. क्रिस कटलरची 'प्रोब्स' ही विसाव्या शतकातल्या संगीतावरची मालिका ऐका. मुख्य भागात विवेचन आणि उदाहरणांचे छोटे तुकडे, आणि त्याला जोडून दुसरा भाग, त्यात नुसती उदाहरणंच. जॉन लाइडेकरची 'व्हेरिएशन्स' ही दुसऱ्यांचे आवाज उचलून त्यातून नवं रचण्याच्या इतिहासावर आहे. हे मध्येच थांबवून, मागे जाऊन, दोनदा ऐकायचं प्रकरण. मंगळवारी दुपारी ३ ला वाजलं आणि गेलं, यात कुणाचा फायदा?

अर्धवेळ एक माणूस असेल तर महिन्याला एक भाग नीट होईल, दोन नाही. ४० मिनिटांच्या भागाचा हिशेब असा धरा: रेकॉर्डिंग २ तास (मांडामांड धरून), एकदा सलग ऐकून खुणा करायला ३, कापाकापी ८ ते १०, मजकूर तपासायला ५, परवानग्यांचा पत्रव्यवहार वेगळाच. चोवीस तासांच्या नादी लागलात तर हा माणूस वेळ भरण्यातच संपेल.

सर्व्हरमामा:
@खरखर, अर्धंच पटलं. चोवीस तास म्हणजे चोवीस तासांचा नवा माल असं कोण म्हणतंय? सतत वाजणारा प्रवाह ही स्वस्तातली गोष्ट आहे, तो स्वतःहून चालतो. माणूस दार उघडून आत येतो तेव्हा काहीतरी वाजत असलं पाहिजे. यादीतून भाग निवडणं हे काम अनोळखी श्रोता करत नाही.

हिशेब देतो. १२८ केबीपीएस बिटरेटचा (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट, तासाला ५७.६ एमबी. एक श्रोता महिनाभर अखंड लावून बसला तर साधारण ४१.५ जीबी. एकाच वेळी सतत ५० श्रोते धरले तर ६.४ एमबीपीएस आणि महिन्याला २ टीबीच्या थोडं वर. साधा भाड्याचा सर्व्हर, १ कोअर आणि १ जीबी रॅम, हे सहज पेलतो, कारण आइसकास्ट या प्रसारणाच्या प्रोग्रॅमला स्वतःला फारसं काम नसतं. आलेला प्रवाह तो वाटतो फक्त. प्रोसेसर खाते ती एन्कोडिंग. म्हणून एकच बिटरेट ठेवा, तीन-तीन दर्जांच्या मोहात पडू नका.

रचना अशी. फायली सर्व्हरवरच ठेवायच्या. तिथेच लिक्विडसोप बसवायचं, तो यादीतून फायली उचलून आइसकास्टला देतो. संस्थेतली वीज गेली, इंटरनेट गेलं, तरी रेडिओ चालूच. थेट कार्यक्रम असेल तेव्हा लॅपटॉपवरून जोडायचं. लिक्विडसोपमध्ये थेट स्रोताला वरचा क्रम दिला की तो आपोआप पुढे येतो, तुटला की यादी परत सुरू. त्याला लागणारं अपलोड १२८ केबीपीएस अधिक थोडी सवड, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही भागतं. ज्यांना आज्ञावली लिहायची नाही त्यांनी ॲझुराकास्ट हे तयार पॅकेज घ्यावं, सगळं ब्राउझरमधून होतं, पण मग रॅम २ जीबीच्या खाली नको.

विश्वामित्रीची_मगर:
५० श्रोते एकाच वेळी? मामा, समकालीन कला आहे ही, गरबा नाही.

सर्व्हरमामा:
५ धर मग. सर्व्हर तोच लागतो.

अडखळण्याच्या जागा सांगून ठेवतो, सगळ्यांची डोकी इथेच फुटतात.

आइसकास्ट ८००० नंबरच्या पोर्टवर साध्या एचटीटीपीनं बोलतो. तुमची साइट एचटीटीपीएस असली की ब्राउझर हा प्रवाह अडवतो. कारण सुरक्षित पानात असुरक्षित माल. म्हणून पुढे एनजिनेक्स हा मध्यस्थ वेब सर्व्हर बसवून ४४३ या एचटीटीपीएसच्या पोर्टवरून फिरवायचं, आणि तिथे प्रॉक्सी बफरिंग बंद करायचं, नाहीतर थेट कार्यक्रम उगाच मागे पडतो.

कार्यक्रमांची नावं देवनागरी-गुजरातीत दिसायला हवीत. एमपी३ च्या माउंटला (म्हणजे प्रवाहाच्या पत्त्याला) आइसकास्ट मुळात आयएसओ-८८५९-१ ही लिपीसंकेतावली धरतो, आणि 'बडोदे' ऐवजी टोप्या-टिंबं घातलेली युरोपी अक्षरं दिसतात. माउंटच्या नोंदीत कॅरसेट यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा.

प्रवाह तुटल्यास वाजवायची राखीव फाइल मूळ प्रवाहाच्याच मापाची हवी: तोच फॉरमॅट, तोच बिटरेट, तोच सॅम्पल रेट, तेच मोनो-स्टिरिओ. नाहीतर श्रोत्याचा प्लेअर गुपचूप मरतो आणि तक्रारही येत नाही.

आणि मूळ सेटिंग फाइलमधला पासवर्ड 'हॅकमी' असतो. बदला. तो तसाच ठेवलेल्या केंद्रांवर रात्री भलतंच वाजतं.

पान उघडल्याबरोबर आवाज सुरू व्हावा हा हट्ट सोडा. बटण दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज करू देत नाहीत.

जुनी_फायनआर्टवाली:
मामा, एक राहिलं. लिक्विडसोपमध्ये शांतता पकडणारी सोय असते ना? आवाज पडला की 'स्रोत मेला' समजून पुढच्या फायलीवर उडी मारते. बातम्या-गाण्यांच्या केंद्राला ते ठीक. ध्वनिकलेच्या केंद्रावर अर्धी कामं शांततेवरच उभी असतात.

सर्व्हरमामा:
बरोबर पकडलंत. तिचा मूळ हिशेब २० सेकंद आणि उणे ४० डेसिबल असा आहे. उणे ४० म्हणजे अगदीच मुकं नव्हे. रात्रीच्या अंगणाचं रेकॉर्डिंग त्याच्या खाली सहज जातं. एक तर ही सोय फक्त थेट स्रोतावर लावा, यादीवर नको. किंवा ९० सेकंद आणि उणे ६० करा. फायलींच्या यादीला तिची गरजच नाही, फाइल वाजते म्हणजे वाजते.

खरखर:
याच अनुषंगानं आवाजाच्या पातळीबद्दल. बोलण्याचे भाग स्टिरिओ असतील तर उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), मोनो असतील तर उणे १९, शिखर उणे १ डीबीटीपीच्या (खऱ्या शिखराचं माप) वर नको. युरोपातल्या प्रसारणाचं उणे २३ हे माप मोबाइलवर, रिक्षात ऐकणाऱ्याला फार हळू पडतं.

एफएफएमपेग या प्रोग्रॅममधलं लाउडनॉर्म, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीला आणणारं फिल्टर, वापरणार असाल तर दोन फेऱ्यांत वापरा: पहिलीत मोजायचं, दुसरीत मोजलेले आकडे देऊन सरळ वाढ-घट करायची. एकाच फेरीत चालवलं तर ते जागोजागी आवाज दाबत-उचलत जातं, बोलण्यामागचा पंखा वाक्यांच्या मध्ये फुगून वर येतो. शिवाय त्या रीतीत ते बाहेर पडताना सॅम्पल रेट १९२ किलोहर्ट्झ करून ठेवतं. ४८००० स्वतः लिहा, नाहीतर फाइल विनाकारण चौपट.

आणि कलाकृतींना हे लावूच नका. कलाकारानं हळू ठेवलंय तर हळूच राहू दे. निवेदन त्या पातळीकडे उतरवा, आधी एक वाक्य टाका की पुढचं काम हळू आवाजाचं आहे.

बागेतला_देवमासा:
अवांतर: आपल्या कमाटी बागेतल्या म्युझियमात देवमाशाचा सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे. रेडिओ त्यांनीच काढावा. निवेदक म्हणून ममी, कारण पगार लागत नाही.

सेवउसळ_जादा_तर्री:
आणि शांतता पकडणारी सोय तिथे आधी बंद करा.

दांडियाबाजारकर:
थट्टा पुरे. स्वातंत्र्याच्या वेळी रेडिओ केंद्र असलेल्या मोजक्या संस्थानांत बडोदं होतं. त्याच गावात आज आपण भाड्याच्या सर्व्हरवर चर्चा करतोय. कम्युनिटी रेडिओचा परवाना का घेऊ नये? हवेतला रेडिओ म्हणजे मोबाइल डेटा नसलेला माणूसही ऐकू शकतो.

सनद:
@दांडियाबाजारकर, घेता येतो, पण संस्था पात्र हवी: शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र, किंवा किमान ३ वर्षं नोंदणी असलेली ना-नफा संस्था. माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी, शिवाय तरंगलहरींचा वेगळा परवाना. ताकद १०० वॅट ईआरपी (प्रभावी उत्सर्जित शक्ती), म्हणजे फार तर शहर आणि आजूबाजू. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात. कागदपत्रांतच बराच काळ जातो. इंटरनेट रेडिओला असा प्रसारण परवाना लागत नाही. म्हणून सुरुवात तिथून करा. मात्र परवाना लागत नाही याचा अर्थ वाटेल ते वाजवा असा नाही. हक्कांवर रात्री सविस्तर लिहिते.

फीतवाला:
हक्क येईपर्यंत मी कॅसेटींबद्दल लिहून घेतो. रावपुरेकर, माळ्यावरच्या कॅसेटी म्हणालात तिथेच माझा जीव अडकला.

हातात आल्या-आल्या वाजवायच्या नाहीत. आधी खिडकीतून उजेडाकडे धरून बघायची. फितीच्या गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा कापसासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी. ती तशीच डेकमध्ये घातली तर हेडवर, रोलरवर बसते आणि पुढच्या दहा कॅसेटींना लागते. वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलसोबत ठेवायची, साफ करताना तोंडावर मास्क, आणि तिच्यासाठी डेकही वेगळा, जुनापुराणा.

मग दाबगादी बघायची. फितीच्या मागे तांब्याच्या पट्टीवर नखाएवढा नमद्याचा तुकडा असतो. त्याचा गोंद वाळून तो पडतो. पडला की फीत हेडला टेकत नाही, आवाज येतो आणि जातो, 'स' आणि 'श' गायब. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. खराब झालेली असते ती गादी. कवच स्क्रूचं असेल तर उघडून दुसऱ्या कॅसेटीची गादी बसवा. चिकटबंद कवच असेल तर सांध्यावर पात्यानं हळूच उकलून दोन्ही चकत्या नव्या स्क्रूवाल्या कवचात हलवायच्या.

वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. वर्षानुवर्षं बसलेली गुंडाळी मोकळी होते. सी-१२० (१२० मिनिटांची) असेल तर हेही जपून, ती फीत फार पातळ असते, ताणली की सुरकुतते.

हेड, कॅप्स्टन (फीत ओढणारा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल जास्त लावू नका, रबर कडक होतं.

आता मुख्य गोष्ट: अझिमथ. हेडचा कोन. प्रत्येक डेकचा किंचित वेगळा असतो, आणि ज्या डेकवर रेकॉर्ड झालं त्याचा कोन तुमच्या डेकशी जुळत नाही. आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो. दोन्ही चॅनल मोनो करून हेडफोनवर ऐकत तो अगदी थोडा-थोडा फिरवायचा. ज्या बिंदूवर 'स' चमकतो तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटीला, बाजू बदलली तरी, पुन्हा. संगणकावर नंतर ट्रेबल वाढवून ही चूक भरून निघत नाही. जे हेडनं उचललंच नाही ते वाढवणार कुठून?

डॉल्बी बी (फितीची खरखर कमी करण्याची रीत) वर रेकॉर्ड केलेली असेल तर तसंच वाजवा, शंका असेल तर डॉल्बी बंद ठेवून उतरवा, नंतर सोडवता येतं. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट चांगलं, ४८/२४ च्या खाली नको. शिखर उणे ६ च्या आसपास. मूळ फाइल वेव्ह, तिला हात लावायचा नाही. खरखर काढणं वगैरे प्रतीवर.

जागा: ४८/२४ स्टिरिओचा तास म्हणजे १.०४ जीबी. २०० तासांची व्याख्यानं २०८ जीबीच्या आत. दोन वेगवेगळ्या डिस्कवर दोन प्रती आणि तिसरी दुसऱ्या इमारतीत. पूर येणाऱ्या विश्वामित्री नदीच्या काठचं गाव आहे, तळमजल्यावर एकही ठेवू नका.

विश्वामित्रीची_मगर:
तळमजल्यावर ठेवल्या तर मी ऐकेन.

खमंग_लीलो_चेवडो:
फीतवाले काका, मोठ्या स्पूलच्या टेपा पण आहेत म्हणे काही जणांकडे. त्या ओव्हनमध्ये भाजतात असं वाचलं. खरं का?

फीतवाला:
काही विशिष्ट टेपा, मुख्यतः १९७०–८० च्या दशकातल्या, ज्यांचा बाइंडर (फितीवरची चुंबकी भुकटी धरून ठेवणारा थर) दमटपणानं चिकट होतो. वाजवताना किंचाळतात, हेडवर तपकिरी चिकटा सोडतात. त्यांना साधारण ५४ अंशांवर कित्येक तास ठेवतात, तेही तापमान स्थिर ठेवणाऱ्या यंत्रात. घरच्या ओव्हनमध्ये केलंत तर चेवडा होईल. ॲसिटेटच्या जुन्या टेपांना हे कधीच करायचं नाही. उजेडाकडे धरा: गुंडाळीच्या आरपार उजेड दिसला तर ॲसिटेट. स्पूलच्या टेपा जाणत्याकडेच द्या.

सनद:
लिहिते म्हटलं होतं. तीन वेगळे हक्क डोक्यात वेगळे ठेवा: रचनेचा, ध्वनिमुद्रणाचा, आणि सादर करणाऱ्याचा.

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. बडोद्याचंच उदाहरण: फैयाज खाँसाहेब दरबारी गायक, १९५० मध्ये गेले. त्यांच्या १९३० च्या दशकात विकल्या गेलेल्या ७८ च्या तबकड्यांवरचा हा हक्क संपलेला आहे. पण रेडिओसाठी गायलेलं, आणि कंपनीनं पुष्कळ नंतर एलपी किंवा सीडीवर पहिल्यांदा काढलेलं, त्याची ६० वर्षं त्या पहिल्या प्रकाशनापासून. गायक तोच, राग तोच, उत्तर वेगळं. म्हणून नोंदवहीत 'फैयाज खाँ, जुनं रेकॉर्डिंग' असं लिहून भागत नाही. तबकडीचा क्रमांक आणि प्रकाशनाचं वर्ष हवं.

चालू संगीत वाजवायचं असेल तर रचनेसाठी आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची संस्था), ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल (ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या वतीनं परवाने देणारी संस्था) किंवा थेट कंपनी. एफएमवाल्यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ड खाली मिळणारा वैधानिक परवाना इंटरनेटला लागू नाही; मुंबई उच्च न्यायालयानं टिप्स विरुद्ध विंक प्रकरणात २०१९ मध्ये तसं सांगितलं आणि खंडपीठानं २०२२ मध्ये ते कायम केलं. म्हणून माझा सल्ला: चालू संगीत नकोच. गरजही नाही.

व्याख्यानं. सार्वजनिक भाषणाचा पहिला मालक वक्ता, कॅसेट ज्याच्या माळ्यावर आहे तो नव्हे. रेकॉर्ड करणाऱ्याचाही ध्वनिमुद्रणावर हक्क असू शकतो. दोघांची, किंवा वारसांची, लेखी संमती घ्या.

संमतीपत्रात सगळे जिथे चुकतात ते कलम १९. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. इंटरनेट रेडिओला 'फक्त भारत' म्हणजे पहिल्याच दिवशी उल्लंघन. आणि दिलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो संपतो, वेगळं लिहिलं नसेल तर. कलम ३०अ मुळे हे परवान्यालाही लागतं. म्हणून स्पष्ट लिहा: जगभर, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी, न वापरल्यानं संपणार नाही, मोबदला इतका किंवा विनामोबदला.

खरखर:
हा प्रतिसाद कागदावर छापून संस्थेच्या भिंतीवर लावा.

जुनी_फायनआर्टवाली:
तांत्रिक झालं, कायदा झाला. वाजवणार काय, हे कुणी बोलेना. व्याख्यानं, व्याख्यानं आणि व्याख्यानं असं झालं तर ते केंद्र नाही, तो वर्ग झाला.

कलेच्या संस्थेत आवाज पुष्कळ असतात. एचिंग प्रेसचा चाक फिरताना येणारा कुरकुर आणि नमदा दाबल्याचा थंड सुस्कारा. लिथोच्या दगडावर दाणा पाडताना दगडावर दगड फिरतो तो आवाज, दाणा बारीक होत जातो तसा बदलणारा. ब्राँझच्या ओतकामाची भट्टी. हे १० मिनिटं सलग, निवेदनाशिवाय वाजवा. त्यानंतर त्याच माणसाशी बोला. ऐकणाऱ्याच्या कानात काम आधी बसलेलं असतं.

दुसरं, चित्र रेडिओवर कसं सांगायचं. नवशिके अर्थापासून सुरू करतात, 'हे चित्र संघर्षाचं प्रतीक आहे' वगैरे, आणि श्रोत्याला काहीच दिसत नाही. क्रम उलटा ठेवा. कुठे उभे आहात, काम किती मोठं, उजेड कुठून, नजर आधी कुठे जाते, मग कुठे सरकते, रंग किती आणि कोणते. अर्थ शेवटी, तोही दोन वाक्यांत. कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं घ्या: चार भिंती, गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध, नटीर पूजा. निवेदकानं मधोमध उभं राहून एकेका भिंतीकडे तोंड करावं आणि वळताना पावलांचा आवाज राहू द्यावा. वास्तूचा आकार ऐकणाऱ्याला त्या चार वळणांतच कळतो.

खरखर:
फाइन आर्टवाल्या ताईंचं सोळा आणे. मात्र अशा दगडी वास्तूत आवाज फार घुमतो. वातावरण वेगळं टिपा आणि निवेदनाचा माइक तोंडाजवळ ठेवा, १० ते १५ सेंटिमीटर, किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'ची फुंकर सरळ बसत नाही. डायनॅमिक माइक पुरे. महाग कंडेन्सर माइक फरशीवरची प्रत्येक चप्पल उचलतो.

संस्थेच्या खोलीत मुलाखत असेल तर पांढऱ्या भिंती आणि गुळगुळीत फरशी हे सगळ्यात वाईट. टाळी वाजवा; मागोमाग टर्रर्र असा धातूसारखा आवाज आला तर समोरासमोरच्या भिंती एकमेकींना उत्तर देतायत. तीन बाजूंना रजया, गाद्या उभ्या करा, खाली सतरंजी. फोमचे महाग तुकडे घेऊ नका. एसी, पंखा, चोकवाली ट्यूबलाइट बंद. ट्यूबची १०० हर्ट्झची गुणगुण कापता येते, पण तिच्या वरच्या पट्ट्या बोलण्यात मिसळतात. दोघांना दोन माइक, दोन स्वतंत्र ट्रॅक. शिखर उणे १२ च्या आसपास. संपल्यावर कुणी न बोलता खोलीचा रिकामा आवाज मिनिटभर घ्या. कापलेल्या जागा त्यानंच बुजतात.

आणि पंचांग बघून तारीख ठरवा. नवरात्रीच्या नऊ संध्याकाळी, १४ जानेवारीला दिवसभर, गणपतीचे दहा दिवस बडोद्यात रेकॉर्डिंग नाही.

खमंग_लीलो_चेवडो:
मजकुराचं काय? हल्ली व्हिस्पर वगैरे बोलणं लिहून काढणाऱ्या प्रोग्रॅमनं आपोआप होतं म्हणतात.

खरखर:
एका भाषेत असेल तर होतं. बडोद्यातला कलाकार वाक्य मराठीत सुरू करतो, 'एटले' म्हणून गुजरातीत वळतो आणि इंग्रजीत संपवतो. व्हिस्पर पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवतं आणि पुढचं सगळं त्यात कोंबतं. लांब शांतता आली की न बोललेली वाक्यं स्वतःच्या मनानं घालतं. म्हणून आधी शांतता काढलेली प्रत करा, ५ ते १० मिनिटांचे तुकडे पाडा, प्रत्येकाला भाषा हातानं द्या, आणि मग माणसानं ऐकत दुरुस्त करा. पूर्ण हातानं तासाला ५–६ तास लागतात. असं केलं तर साधारण निम्मे.

दांडियाबाजारकर:
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? चोवीस तास की भाग?

सर्व्हरमामा:
माझं मत तेच. भाग करा, पण ते एका प्रवाहात फिरतेही ठेवा. सुरुवातीला १२ तासांचा माल असला तरी चालेल, दोनदा फिरेल. सकाळी छापखान्याचे आवाज, दुपारी व्याख्यान, रात्री लांब कामं.

खरखर:
आणि तेच तेच दोनदा ऐकणारा तिसऱ्यांदा येणार नाही. माझंही मत तेच. पहिली सहामाही फक्त भाग आणि फीड (नवे भाग वर्गणीदारांच्या फोनवर आपोआप पोचवणारी यादी). फीडमध्ये प्रत्येक भागाला दिलेली ओळखसंख्या नंतर कधीच बदलू नका, नाहीतर वर्गणीदारांच्या फोनवर सगळे जुने भाग पुन्हा नवे म्हणून उतरतात. मुखचित्र चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेल.

जुनी_फायनआर्टवाली:
मी मामांच्या बाजूनं, पण वेगळ्या कारणासाठी. संस्थेच्या दारात, जिन्यात एक स्पीकर लावा आणि प्रवाह तिथे वाजू दे. भाग-फीड घरी ऐकणाऱ्यासाठी. तिथे आलेल्या माणसाला फोन काढायला लावू नका.

रावपुरेकर:
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं. ठरवलंय ते असं: आधी कॅसेटी, त्यातून तीन भाग, आणि जिन्यातला स्पीकर. प्रवाहाचं सर्व्हरमामांनी इतकं सोपं करून सांगितलंय की मोह होतोय, बघू. @सनद ताई, एकच शंका. संमतीपत्रात 'प्रसारण' लिहिलं तर भागाचा मजकूर साइटवर टाकणं आणि त्याचं गुजराती भाषांतर करणं त्यात येतं का?

सनद:
नाही येत. प्रसारण, प्रत काढणं आणि भाषांतर हे वेगवेगळे हक्क. चारही शब्द लिहा: इंटरनेटवरून ऐकवणं, डाउनलोडसाठी साठवणं, लिखित मजकूर प्रसिद्ध करणं, कोणत्याही भाषेत भाषांतर. छाटून छोटे तुकडे वापरणार असाल तर पाचवं तेही. पत्र मराठी आणि गुजराती दोन्हीत करा, खाली एक ओळ टाका की तफावत आढळल्यास कोणती प्रत ग्राह्य. आणि सही घेताना कॅसेटीवरचं नाव, बाजू, अंदाजे वर्ष त्याच पानावर लिहून घ्या. 'माझी सगळी भाषणं' अशी मोघम संमती वारसांच्या वकिलासमोर टिकवणं कठीण जातं.

सेवउसळ_जादा_तर्री:
जिन्यातला स्पीकर किती वाजता बंद? खाली राहणाऱ्यांच्या वतीनं विचारतोय.